फ्लाय ॲश : बांधकामातील उपयोग

दगडी कोळशाची पूड जाळणाऱ्या औष्णिक वीज केंद्रांत धुरातून स्थिरविद्युत् अवक्षेपकाने (विद्युत् भाराच्या साहाय्याने धूलिकण ओढून घेणाऱ्या यंत्राने) वेगळी केलेली बारीक राख म्हणजे फ्लाय ॲश होय. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण सामान्यतः 30 ते 45 टक्के असते. त्यातील सुमारे चार पंचमांश राख धुराबरोबर वर जाते व उरलेली बॉयलरच्या तळाशी पडते. सिमेंट, काँक्रीट, विटा व भराव हे तिचे परिचित उपयोग आहेत.

या वापराचा आरंभ कोठे मानावा याबाबत एकमत नाही. काही लेखक तो रोमन काळापर्यंत नेतात. नेपल्सच्या परिसरातील ज्वालामुखीय माती चुन्यात मिसळल्यास बांधकाम पाण्याखालीही घट्ट होते, असे रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हिअसने (इ. स. पू. पहिले शतक) नोंदविले आहे. आपल्याकडील चुना-सुरखीचा, म्हणजे चुन्यात भाजलेल्या विटांची पूड घालण्याच्या पद्धतीचाही दाखला दिला जातो. तथापि या साऱ्यांत समान आहे ती चुन्याशी होणारी रासायनिक क्रिया. पदार्थ निराळे आहेत. त्यामुळे कोळशाच्या राखेपुरता आरंभ आर. ई. डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1937 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे अमेरिकेतील हंग्री हॉर्स धरणात (1948–53) ही राख मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. भारतातील पहिला महत्त्वाचा वापर म्हणून सामान्यतः उत्तर प्रदेशातील रिहांद धरणाचा उल्लेख होतो.

सिमेंटचा पाण्याशी संयोग होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटते. एकट्या सिमेंटच्या काँक्रीटमध्ये ते तसेच पडून राहते व पाण्याबरोबर झिरपून जाऊ शकते; राख असल्यास तिच्यातील काचमय सिलिका व ॲल्युमिना त्याच्याशी संयोग पावून बंधक संयुगे बनवतात व छिद्रे भरत जातात. ही क्रिया संथ असते. म्हणून 28 दिवसांच्या चाचणीत असे काँक्रीट कमी ताकदीचे दिसू शकते आणि ती उणीव पुढील काही आठवड्यांत भरून निघते, मात्र त्या काळात ओलावा टिकला पाहिजे. पाणी मारणे लवकर थांबवले, तर राखेचा बराचसा भाग केवळ भरणद्रव्य म्हणून उरतो. अशा कामातील दोषाचे खापर राखेवर फोडणे योग्य नव्हे. संथपणाचा लाभ असा की काँक्रीट आतून कमी तापते व धरणासारख्या जाड बांधकामात उष्णतेमुळे पडणाऱ्या भेगा कमी होतात. महाराष्ट्रातील घाटघर येथील रोलरने दाबलेल्या काँक्रीटच्या धरणांत सिमेंटपेक्षा राखच अधिक आहे.

राखेची प्रत बारीकपणावर व न जळालेल्या कार्बनवर ठरते. फ्लाय ॲश मिसळलेल्या पोर्टलंड पॉझोलाना सिमेंटमध्ये भारतीय मानकानुसार 15 ते 35 टक्के राख चालते. पाण्यातून राखबंधाऱ्यात सोडलेली राख तुलनेने भरड व कमी क्रियाशील असल्याने ती मुख्यतः भरावाकडे वळवली जाते.

राखेच्या विटांत चुना व जिप्सम किंवा सिमेंट मिसळून मिश्रण यंत्रात दाबतात. भट्टी लागत नाही, पण पाणी मारावेच लागते. सप्टेंबर 1999 च्या केंद्रीय अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून 50 किमी. परिसरातील वीट उत्पादकांना मातीत किमान 25 टक्के राख मिसळणे बंधनकारक केले. ही अंतरमर्यादा 2003 मध्ये 100 किमी. करण्यात आली.