एकाकी वस्तूंचे छायाचित्रण

गजबजलेल्या शहरातल्या माणसाचा एकटेपणा, माणूस चौकटीत न आणता त्याच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंतून दाखवण्याची छायाचित्रणातील एक रीत. खुर्ची, जेवणाचा काटा, चष्मा, फुलदाणी, काहीही चालते. स्थिरवस्तुचित्रणाशी, म्हणजे मांडून ठेवलेल्या निर्जीव वस्तूंच्या चित्रणाशी, तिचे नाते आहे. पण तिथे मांडणी देखणी लागते, इथे वस्तू कुणीतरी आत्ताच ठेवून गेल्यासारखी वाटावी लागते. आजूबाजूची रिकामी जागा आणि तिरप्या उजेडातली सावली बरेचसे काम करतात.

या रीतीचा ठळक नमुना म्हणजे हंगेरियन छायाचित्रकार आंद्रे केर्तेस (१८९४–१९८५). बुडापेस्टहून ते १९२५ मध्ये पॅरिसला आले. १९२६ मध्ये चित्रकार पीट मॉन्द्रियान यांच्या घरी टेबलावर पडलेले चष्मे आणि पाइप त्यांनी टिपले. मालक चित्रात नाही, तरी त्याची शिस्त जाणवते. १९२८ च्या ‘काटा’ या चित्रात ताटलीच्या कडेला टेकवलेला काटा आणि त्याची सावली, एवढेच. हेच चित्र पुढे काट्या-चमच्यांच्या जाहिरातीतही वापरले गेले. एकाकीपण वस्तूत किती आणि पाहणाऱ्याच्या मनात किती, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

१९३६ मध्ये एका छायाचित्रसंस्थेच्या कामासाठी ते न्यूयॉर्कला गेले. मुक्काम थोड्या दिवसांचा ठरला होता, तो जन्मभराचा झाला. तिथल्या संपादकांना आपली चित्रे ‘फार बोलतात’ असे वाटले, ही सल ते पुढे सांगत. १९३९ मध्ये त्यांनी एका ट्यूलिपचे चित्र काढले आणि त्याला ‘उदास ट्यूलिप’ म्हटले. फुलाने मान टाकली, असे आपण मराठीत सहज म्हणतो; इथे ते अक्षरशः दिसते. दुसऱ्या महायुद्धात हंगेरियन असल्यामुळे ते ‘शत्रुदेशाचे नागरिक’ ठरले आणि उघड्यावर छायाचित्रे काढण्यावर बंधने आली.

१९५२ पासून ते न्यूयॉर्कमधल्याच वॉशिंग्टन चौकासमोर, उंचावरच्या घरात राहत. १९७७ मध्ये पत्नी एलिझाबेथ वारल्या. पुढे एका पुस्तकांच्या दुकानाच्या काचेआड त्यांना काचेचा छोटा अर्धपुतळा दिसला. त्याची मान आणि खांदा पत्नीसारखा वाटला, म्हणून त्यांनी तो घरी आणला आणि खिडकीत ठेवला. ऐंशी ओलांडलेल्या केर्तेस यांनी पोलरॉइड एसएक्स-७० कॅमेऱ्याने त्याची अनेक चित्रे काढली. या कॅमेऱ्यातून जेमतेम ८ सेंटीमीटरचे चौकोनी चित्र लगेच बाहेर येते. फोटो धुण्याची अंधारखोली लागत नाही, घराबाहेरही पडावे लागत नाही. ही चित्रे १९८१ मध्ये ‘माझ्या खिडकीतून’ या अर्थाच्या नावाच्या पुस्तकात आली. ते एलिझाबेथ यांना अर्पण केलेले आहे. पुतळ्याला चेहऱ्याचे तपशील नाहीत. सकाळ-संध्याकाळचा उजेड त्यातून वाकून जातो. काही चित्रांत त्याच्या काचेपलीकडे न्यूयॉर्कच्या उंच इमारती दिसतात, पुसट आणि बोटभर उंचीच्या.