बॅकवॉल पडला म्हणजे डीलॅमिनेशन नव्हे

साताऱ्याच्या नाहीतर कुपवाडच्या एमआयडीसीत कास्टिंग आणि वेल्डचं अल्ट्रासॉनिक (आवाजाच्या तरंगांनी आतले दोष शोधणं) करून हात बसलेली मंडळी फायबरच्या, म्हणजे तंतूंचे थर चिकट रेझिनने जोडलेल्या, जॉबवर आली की हमखास एकच चूक करतात. बॅकवॉलचा, म्हणजे जॉबच्या तळावरून परतणारा इको खाली आला, की रिपोर्टात ‘डीलॅमिनेशन’ लिहून मोकळी होतात. निम्म्या वेळा ती पोरॉसिटी, म्हणजे बारीक पोकळ्या, असते. दोन्हींची कारणं वेगळी, परिणाम वेगळे आणि पुढचे उपायही वेगळे, म्हणून हा घोळ मला सहन होत नाही.

डीलॅमिनेशन तुम्हाला नवं नाही. स्टीलच्या प्लेटमधलं लॅमिनेशन पाहिलं असेल तर हे त्याचंच भावंड. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे दोन थर एकमेकांपासून सुटतात, मध्ये हवा शिरते. मार बसला, ड्रिल चुकीचं मारलं, कडा उघडी राहिली, तर हे होतं. नाण्याने ठोकलं तरी बहुधा बद्द आवाजावरून कळतं.

पोरॉसिटी म्हणताना मात्र कास्टिंगमधला ब्लोहोल डोक्यातून काढा. इथे रेझिनमध्ये अगदी बारीक पोकळ्या विखुरलेल्या असतात. व्हॅक्युम बॅग (थरांमधली हवा ओढून काढायची पिशवी) गळली, क्युअरिंगला (रेझिन कडक होताना) दाब कमी पडला, प्रीप्रेगमध्ये (रेझिन आधीच मुरवलेल्या तंतूंच्या कापडात) ओल राहिली, की हवा किंवा वाफ आतच अडकते. एकेक पोकळी बहुधा मिलिमीटरपेक्षाही लहान, त्यामुळे तिचा स्वतंत्र इको शोधत बसण्यात अर्थ नाही.

आता खरा मुद्दा. बॅकवॉल पडला, म्हणजे आवाज तळापर्यंत जाऊन परत आला नाही, एवढंच सिद्ध झालं. मग तो गेला कुठे? निदान या एका प्रश्नात आहे.

कार्बन लॅमिनेटमध्ये, म्हणजे कार्बनतंतूंच्या थरांच्या जॉबमध्ये, जाडीच्या दिशेने आवाजाचा वेग साधारण ३००० मीटर प्रति सेकंद. ५ मेगाहर्ट्झच्या प्रोबला (आवाज सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या सेन्सरला) तरंगलांबी येते ०.६ मिलिमीटर. डीलॅमिनेशन हा त्या मानाने केवढा तरी मोठा सपाट आरसा. आवाज तिथूनच मागे फिरतो आणि बॅकवॉलच्या आधी, ठरावीक खोलीवर, टोकदार इको उभा राहतो. बऱ्याचदा त्याच अंतराने त्याची पुनरावृत्तीही दिसते. पोरॉसिटीत पोकळ्या तरंगलांबीपेक्षा लहान, म्हणून आवाज परत फिरण्याऐवजी चहूकडे विखुरतो. पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात धुक्यातून गाडी चालवली असेल तर हे डोळ्यांनी पाहिलंच आहे: हेडलाइटचा उजेड पसरून पांढुरका होतो आणि समोरचं वळण फिकट पडतं. स्क्रीनवरही तसंच. मधल्या भागात गवत (बारीक इकोंची गर्दी) वाढतं, बॅकवॉल खचतो, पण ठळक असा मधला इको नसतो.

थोडक्यात, आधी कपलिंग (प्रोब आणि जॉब यांच्यामधला जेलचा किंवा पाण्याचा थर) नीट आहे का ते बघा, मग मधला इको शोधा. तरी शंका उरली, तर प्रोब बदला. २.२५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी १.३ मिलिमीटर होते, विखुरणं कमी होतं आणि पोरॉसिटीतला बॅकवॉल बराच वर येतो. चांगल्या लॅमिनेटचाही बॅकवॉल कमी फ्रिक्वेन्सीला वर येतो, म्हणून दोन्ही प्रोबनी शेजारच्या चांगल्या जागेशी तुलना करायचीच. डीलॅमिनेशनवर प्रोब बदलून काही फरक पडत नाही, मधला इको त्याच खोलीवर ठाम राहतो. (साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांची पाती काचतंतूची आणि जाड. तिथे ५ मेगाहर्ट्झ मुळातच तळापर्यंत पोचत नाही. १ मेगाहर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली उतरावं लागतं.)

याच कारणाने नुसता बॅकवॉलच्या उंचीवर रंगवलेला सी-स्कॅन (जॉबचा वरून दिसणारा नकाशा) मला पुरावा म्हणून चालत नाही. १२ डीबी (डेसिबल) पडलं, म्हणजे उंची चौथाईवर आली, हे तो सांगतो. का पडलं, हे सांगत नाही. दोन्ही दोष एकाच रंगात येतात. खोलीचा सी-स्कॅन सोबत लावा, नाहीतर त्या जागेचा ए-स्कॅन (इकोंचा आलेख) जोडा.

कॅलिब्रेशनचंही (माहीत असलेल्या नमुन्यावर यंत्र जुळवण्याचंही) तेच. सपाट तळाची भोकं पाडलेला ब्लॉक डीलॅमिनेशनला ठीक आहे. त्यावरून पोरॉसिटीचे टक्के काढणं साफ चूक. त्यासाठी तेच रेझिन, तेच थर, तीच जाडी आणि मुद्दाम कमी-जास्त पोरॉसिटी ठेवलेले पॅनल हवेत. त्यांचे तुकडे कापून, काचतंतू असेल तर रेझिन जाळून, कार्बन असेल तर रेझिन ॲसिडने विरघळवून खरे टक्के मोजायचे आणि डीबीशी जुळवायचे. विमानाच्या भागांना बऱ्याच ठिकाणी २ टक्क्यांच्या आसपास मर्यादा असते. सुरुवातीच्या काही टक्क्यांपर्यंत दर १ टक्का पोकळीमागे थरांमधली कातरताकद (थर एकमेकांवरून सरकू न देण्याची ताकद) साधारण ७ टक्क्यांनी घटते, असा ठोकताळा आहे. म्हणजे इथे आकडा लागतो, नुसतं ‘आहे’ किंवा ‘नाही’ चालत नाही.

एका कारखान्यात मी हे घडताना पाहिलं. पॅनलवर सौम्य पोरॉसिटी होती, मर्यादेच्या आतली. रिपोर्टात डीलॅमिनेशन लिहिलं गेलं. दुरुस्तीवाल्यांनी रेझिन भरायला भोकं पाडली. थर सुटलेलेच नव्हते, रेझिन जाणार कुठे? पास होणारं पॅनल त्या भोकांपायी भंगारात गेलं. नंतर साठवलेला ए-स्कॅन उघडला, तर मधला इको कुठेच नव्हता.