संयोग न करता भूल देणारा वायू

1951 साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात कलेन आणि ग्रॉस या दोघांनी 81 वर्षांच्या एका रुग्णाला झेनॉन वायूची भूल दिली आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. रुग्ण जे मिश्रण श्वासावाटे घेत होता त्यात सुमारे 80 टक्के झेनॉन होता, बाकी ऑक्सिजन. साध्या हवेतही ऑक्सिजन जवळपास तेवढाच असतो. तेव्हा गुदमरून शुद्ध गेली असं म्हणायला जागाच नव्हती. रुग्णाला झोपवलं होतं ते झेनॉननंच.

झेनॉन हा राजवायू. बाहेरच्या कक्षेतलं इलेक्ट्रॉनांचं अष्टक पूर्ण, त्यामुळे कुणाशी देणं नाही, घेणं नाही. त्याचं पहिलं संयुग नील बार्टलेट यांनी तयार केलं ते 1962 मध्ये, म्हणजे या शस्त्रक्रियेनंतर 11 वर्षांनी. शरीरात तर तो कशाशीच संयोग करत नाही. जसा फुप्फुसात जातो तसाच बाहेर पडतो. यकृताला त्याचं विघटन करावं लागत नाही. मग मेंदूत जाऊन तो करतो तरी काय?

एक धागा अर्धशतक आधीच हाती लागला होता. हान्स मेयर आणि चार्ल्स ओव्हरटन यांनी 1900च्या सुमारास स्वतंत्रपणे दाखवलं होतं, की एखादा पदार्थ ऑलिव्ह तेलात जितका जास्त विरघळतो तितकी त्याची भूल तीव्र. राजवायूही याच क्रमात बसतात. उंदरांना निपचित करायला झेनॉन हवेच्या दाबाइतकाच पुरतो. क्रिप्टॉनला साधारण साडेचार पट दाब लागतो, अरगॉनला 15 पट. नायट्रोजन राजवायू नव्हे, पण शरीरात तोही असाच गप्प बसून असतो. त्याला 30 पटींहून जास्त दाब हवा. हेलिअमनं कितीही दाब दिला तरी गुंगी येत नाही.

खोल पाण्यात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांना हे फार आधीपासून अनुभवानं माहीत होतं. साध्या हवेवर 30 मीटरच्या खाली गेलं की डोकं हलकं होतं, हसू येतं, सोपी बेरीज चुकते. हा नायट्रोजनचा प्रताप आहे, असं अमेरिकी नौदलाचे डॉक्टर आल्बर्ट बेन्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1935 मध्ये मांडलं. चारच वर्षांनी ‘स्क्वॉलस’ ही पाणबुडी सुमारे 74 मीटर खोल बुडाली. ती वर काढताना हवेवर उतरलेल्या पाणबुड्यांना नीट विचार करणं जमेना, म्हणून नायट्रोजनऐवजी हेलिअम मिसळलेला ऑक्सिजन दिला गेला आणि त्यांची डोकी ताळ्यावर राहिली.

हेलिअमची अडचण वेगळीच निघाली. दीडशे मीटरच्या पलीकडे नुसत्या दाबानंच मज्जासंस्था बिथरते, हात कापायला लागतात. त्यावरचा उपाय मला या सगळ्या विषयातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो: मिश्रणात थोडा नायट्रोजन पुन्हा घालायचा, की कंप कमी होतो. गुंगी आणि दाब एकमेकांना खोडतात. 1950 मध्ये जॉन्सन आणि फ्लॅग्लर यांनी बेडकाची पिल्लं अल्कोहोलच्या पाण्यात निपचित केली आणि त्या पाण्यावर शेकडो पट दाब दिला. पिल्लं त्याच पाण्यात पुन्हा पोहायला लागली!

तेलाच्या नियमामुळे बरीच वर्षं असं मानलं गेलं, की भूल पेशींभोवतीच्या स्निग्ध पटलात मुरते. 1984 मध्ये लंडनच्या निकोलस फ्रँक्स आणि विल्यम लीब यांनी काजव्याच्या प्रकाशामागचं प्रथिन घेतलं. त्यात स्निग्ध काहीच नव्हतं, तरी भुलीच्या औषधांनी त्याचं काम मंदावलं, आणि तेही औषधाच्या ताकदीच्या प्रमाणात. म्हणजे भूल थेट प्रथिनावरही बसू शकते. 1998 मध्ये फ्रँक्स यांच्याच गटानं झेनॉनचं ठिकाण दाखवलं: मेंदूतले एनएमडीए ग्राही. चेतापेशी एकमेकींना उत्तेजित करतात त्यातली ही महत्त्वाची दारं. झेनॉन ती मंद करतो.

बंध न जोडता तो तिथे टिकतो कसा? त्याच्या अणूत 54 इलेक्ट्रॉन आहेत आणि बाहेरचे केंद्रापासून लांब, सैलसर. पाण्यानं भरलेला फुगा दाबला की जसा आकार बदलतो, तसा हा इलेक्ट्रॉनांचा ढग शेजारच्या रेणूंमुळे जरासा इकडेतिकडे सरकतो आणि क्षणिक, क्षीण आकर्षण तयार होतं. प्रथिनातल्या नेमक्या मापाच्या पोकळीत तेवढं पुरतं. हेलिअमचे दोनच इलेक्ट्रॉन, तेही घट्ट धरलेले. म्हणून त्याला ही किमया साधत नाही.

भूल म्हणून झेनॉन फार गुणी आहे. रक्तात अगदी कमी विरघळतो, त्यामुळे बंद केला की रुग्ण काही मिनिटांत जागा होतो. रक्तदाबही फारसा ढळत नाही. जर्मनीत त्याला 2005 मध्ये मान्यता मिळाली. अडतं ते किमतीपाशी. एक लिटर झेनॉन मिळवायला सुमारे 1 कोटी 15 लाख लिटर हवा लागते.

अरगॉनला गुंगीसाठी 15 पट दाब लागतो हे वाचून टिग वेल्डिंग, म्हणजे अरगॉनच्या आवरणाखाली धातू जोडण्याचं काम, करणाऱ्या कुणी निर्धास्त होऊ नये. तिथे धोका भुलीचा नसतो, ऑक्सिजन हटवला जाण्याचा असतो. अरगॉन हवेपेक्षा जड, त्यामुळे टाकीच्या नाहीतर खड्ड्याच्या तळाशी साचतो. श्वास घुसमटल्याची जाणीव शरीराला मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते, आणि तो तर उच्छ्वासातून नेहमीसारखा बाहेर पडत असतो. म्हणून त्रास न जाणवताच माणूस काही सेकंदांत कोसळतो. 19 मार्च 1981 रोजी केनेडी अवकाश केंद्रात ‘कोलंबिया’ यानाच्या नायट्रोजन भरलेल्या भागात शिरलेले तंत्रज्ञ असेच बेशुद्ध पडले. एक त्याच दिवशी गेला, दुसरा काही दिवसांनी. बंद टाकीत उतरण्याआधी मीटरवर ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या वर दिसलाच पाहिजे. आणि आत कुणी पडलेला दिसला तरी श्वसनसंच चढवल्याशिवाय त्याच्यामागे उतरायचं नाही.