वनक्षेत्र वेगळं, वनाच्छादन वेगळं

देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा अहवाल दोन वर्षांनी येतो आणि दुसऱ्या दिवशी ठरलेला मथळा छापून येतो: ‘वनक्षेत्रात वाढ’. खाली दिलेला आकडा मात्र वनाच्छादनाचा असतो. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरणाऱ्यांना मी निदान दहा वेळा टोकलं असेल. आता एकदाच सविस्तर लिहितो.

वनक्षेत्र म्हणजे काय, हे सातबारा वाचता येणाऱ्याला सांगायची गरज नाही. ती कागदावरची नोंद. राखीव, संरक्षित किंवा महसुली दप्तरात वन म्हणून लागलेली जमीन. तिथं उद्या एकही झाड उरलं नाही तरी ती वनच राहते. देशात अशी नोंद सुमारे 7.75 लाख चौरस किलोमीटरवर आहे, म्हणजे 32.87 लाख चौ.कि.मी.च्या भूभागापैकी 23.59 टक्के.

घोळ होतो तो आच्छादनात. वनाच्छादन म्हणजे उपग्रहाला वरून जे दिसतं ते. एक हेक्टरहून मोठा तुकडा आणि त्यावर किमान 10 टक्के झाडांची छत्री, एवढीच अट. मालक कोण, सातबाऱ्यावर काय लिहिलंय, झाड कुठल्या जातीचं, हे विचारलंच जात नाही. गुंठ्यांच्या भाषेत सांगायचं तर हेक्टर म्हणजे जवळपास 100 गुंठे. त्यातले 10 गुंठे शेंड्यांनी झाकले की तुकडा ‘वन’ झाला. ज्या चित्रांवरून देशभराची ही मोजणी होते, त्यातला एक ठिपका 23.5 मीटर लांब-रुंद, म्हणजे साधारण साडेपाच गुंठ्यांचा असतो. साडेपाच गुंठ्यांच्या ठिपक्यात हिरवं दिसतं, पण ते देवराईचं की काजूचं हे कसं कळणार? पुरेशी दाट हापूसची बाग, माडांची वाडी, बांबूचं बेट, सगळं त्यात धरलं जातं. सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे रान तोडून रबर लावलं गेलं. रबर मोठं झालं की आच्छादनाच्या हिशोबात ती जागा पुन्हा भरते. रानातला शेकरू कुठे गेला, हा रकाना अहवालाच्या त्या तक्त्यात नाही.

लक्षद्वीप पाहा. नोंदीतलं वनक्षेत्र शून्य, वनाच्छादन 90 टक्के. सगळे माड! गोव्यात नोंदीतलं वन राज्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास, आच्छादन मात्र 60 टक्के. मधल्या फरकात काजू आणि कुळागरं, म्हणजे पोफळी-माडांच्या बागा, बरीच. महाराष्ट्रात उलटं. नोंद सुमारे 62 हजार चौ.कि.मी.ची, आच्छादन जेमतेम 51 हजार.

देशपातळीवर हा गोंधळ लपून राहतो, कारण दोन्ही आकडे शेजारी-शेजारी येतात. 2023 च्या अहवालात आच्छादन 7.15 लाख चौ.कि.मी., म्हणजे 21.76 टक्के. लोकांना वाटतं, म्हणजे वनातलं थोडंसंच उजाड आहे. अजिबात नाही. त्या 7.15 लाखांपैकी फक्त 5.20 लाख नोंदीतल्या वनात आहेत, उरलेले 1.95 लाख बाहेरच्या जमिनीवर. म्हणजे कागदावरच्या वनापैकी जवळपास तिसरा हिस्सा आच्छादनात दिसतच नाही.

पण ‘दिसत नाही’ म्हणजे वाया गेलेलं, असंही नव्हे. त्यात बर्फाखालचे उतार आहेत, वाळवंट आहे आणि माळरानं आहेत. सोलापूरकडच्या माळावर माळढोकाला आणि लांडग्याला झाडी नकोच असते. तिथं खड्डे खणून रोपं लावणं आणि वर ‘वन वाढवलं’ म्हणून फोटो काढणं, याचा मला मनस्वी राग आहे.

वृक्षाच्छादन हा तिसरा शब्दही मध्येच येतो. हेक्टरभराहून लहान तुकडे, बांधावरची झाडं, 3.41 टक्के. ते मिळवून 25.17 होतात आणि भाषणांत तोच आकडा येतो. त्यावर याहून जास्त वेळ घालवू नये.

मात्र कोर्टात गेलात तर कागदच बोलतो. आरेत झाडं डोळ्यांना दिसत होती, तरी ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते वन जाहीर करण्याची मागणी फेटाळली आणि त्याच रात्री करवती चालल्या. उलट पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल घ्या, म्हणजे महसुली दप्तरात याच नावाने लागलेली जमीन. नावातच झुडपं, दहा टक्क्यांहून विरळ असेल तर आच्छादनाच्या आकड्यात त्याला जागाही नाही. कित्येक तुकड्यांवर आता घरं, शाळा, कचेऱ्या उभ्या आहेत. तरीही 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ही जमीन वनच.