दुमडलेल्या बाहीची शिवण

आतड्याचं तोंड पोटाच्या कातडीवर आणून शिवतात, तो स्टोमा. मल तिथून पिशवीत जमा होतो. एखाद्या दिवशी खोकल्याची उबळ येते आणि त्या तोंडातून वीतभर लालभडक आतडं बाहेर येतं. घरच्यांना वाटतं, टाके तुटले! टाके बहुधा शाबूत असतात.

सदऱ्याची बाही दुमडून बघा. कडेची शिवण जागेवरच राहते, पण आतलं कापड दुमडीतून बाहेर सरकत येतं. स्टोमाच्या प्रोलॅप्समध्ये, म्हणजे आतडं असं बाहेर घसरतं तेव्हा, हेच होतं. आतडं बाहेर आणायला पोटाच्या स्नायूंमध्ये ठेवलेली फट मोठी असेल, आतलं आतडं सैल असेल, त्यात पोटातला दाब वाढला, की सरकणं सुरू. तान्ह्या बाळाला त्यासाठी रडणंही पुरतं.

बाहेर आलेल्या भागाला मुळाशी चाप बसतो. शिरांच्या भिंती पातळ आणि आतला दाब कमी, म्हणून आधी त्या दबतात. धमन्या मात्र रक्त ओततच राहतात. आतडं सुजतं आणि आत जाईना होतं. इथे डॉक्टर चक्क घरातली साखर वापरतात! काकडीच्या किसाला मीठ लावलं की पाणी सुटतं ना, तसंच साखर आतड्याच्या भिंतीतलं पाणी ओढून घेते. हेच परासरण. सूज उतरली की तळव्याच्या हलक्या दाबाने आतडं आत सरकवता येतं. अंगारा लावणं किंवा पट्टा करकचून आवळणं यातलं काहीच करत नाही, उलट वेळ जातो. आतडं जांभळं-काळं दिसलं तर साखरेचीही वाट न पाहता रुग्णालय गाठायचं, कारण रक्तपुरवठा तुटत चाललेला असतो.

पुन्हा पुन्हा बाहेर येत असेल तर शस्त्रक्रिया. स्टोमा तात्पुरता असेल आणि पुढचं आतडं धड असेल, तर तो बंद करणं सर्वांत उत्तम. नाहीतर बाहीच कापायची. पोट बहुधा उघडावं लागत नाही. कातडी आणि आतडं जिथे जुळतात तिथे गोल छेद घेऊन बाहेरचा थर उलगडतात. दोन थरांमध्ये आतड्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचा पडदा सापडतो. त्यातली एकेक वाहिनी बांधून तोडतात. दुमड दुहेरी असल्यामुळे १० सेंटिमीटर बाहेर दिसत असेल, तर कापलं जाणारं आतडं २० सेंटिमीटरच्या आसपास भरतं. शेजारी हर्निया असेल तर जाळी बसवणं किंवा स्टोमाची जागाच बदलणं भाग पडतं, कारण नुसतं कापून स्नायूंतली फट लहान होत नाही.

नवी कड विरघळणाऱ्या टाक्यांनी कातडीला शिवण्याआधी सर्जन तिच्याकडे निरखून बघतात. तिथून ताजं, लालजर्द रक्त पाझरायला हवं.