अर्ध्या तासात गुण देणारी गोळी

छातीत धडधड, हाताला घाम, डोक्यात एकच विचार गरगरत राहिलेला. अशा वेळी अल्प्राझोलामची गोळी घेतली की अर्ध्या-एक तासात अंग सैल पडतं. चिंताविकारावरची बहुतेक औषधं आठवडे घेतात, ही मात्र लगेच लागू पडते. नेमक्या या झटपट गुणामुळेच ती हातातून सुटेनाशी होते.

मेंदूत गाबा नावाचं रसायन चेतापेशींना आवर घालतं. ते पेशीवरच्या ग्राहीला चिकटलं की एक सूक्ष्म दार उघडतं, ऋणभारित क्लोराइड आत शिरतं आणि पेशी सहजासहजी पेटत नाही, म्हणजे पुढे संदेश धाडत नाही. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही बेन्झोडायझेपिन गटातली औषधं ते दार स्वतः उघडत नाहीत. गाबा हजर असेल तर दार जास्त वेळा उघडतं, एवढंच ती करतात. त्यांच्या आधीची बार्बिट्युरेट्स मोठ्या मात्रेत गाबाशिवायही दार उघडायची, म्हणून अतिमात्रेने श्वास थांबायचा. १९६० साली क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ साली डायझेपाम आलं, तेव्हा ही सुरक्षितता मोठी वाटली, आणि ती खरीही होती. पण सोबत दारू किंवा मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक घेतलं, तर या गोळ्यांनीही श्वास मंदावतो आणि जीव जाऊ शकतो.

कुठली गोळी कशासाठी, हे बरंचसं तिच्या अर्धायुष्यावरून ठरतं, म्हणजे रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणाऱ्या वेळावरून. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचं अर्धायुष्य सुमारे अडीच तास, अल्प्राझोलामचं ११, क्लोनाझेपामचं ३० ते ४०. डायझेपामचं २० ते ५० तास, आणि शरीरात त्यापासून बनणारं सक्रिय द्रव्य त्याहूनही जास्त काळ टिकतं. म्हातारपणी यकृत सावकाश काम करतं, त्यामुळे रोजची गोळी आदल्या दिवशीच्या शिल्लक औषधावर साचत जाते. रात्री लघवीला उठलेला माणूस तोल जाऊन पडतो आणि खुब्याचं हाड मोडतं. अडीच तासांचं झोल्पिडेमही निर्धोक नाही. काही जणांच्या, विशेषतः स्त्रियांच्या रक्तात सकाळी गाडी चालवताना धोका व्हावा इतकं औषध उरतं, म्हणून २०१३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्त्रियांसाठी साध्या गोळीची शिफारस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणली.

रोज बाहेरून आवर मिळू लागला की मेंदू आपला आवर सैल करतो. झोप आणणारा गुण काही आठवड्यांत ओसरू लागतो. मग गोळी चुकली की धडधड, थरथर, निद्रानाश, सगळं आधीपेक्षा जोरात येतं. लघु अर्धायुष्याच्या गोळीत तर दोन मात्रांच्या मधेच ते जाणवतं. पहाटे दचकून जाग येते, आणि रुग्णाला वाटतं, आजार बळावला, मात्रा वाढवायला हवी. इथेच सगळ्यात मोठी चूक होते.

दुसरी चूक याच्या उलट: धास्तावून गोळी एका दिवसात बंद करणं. महिनोन्‌महिने घेतलेलं औषध असं तोडलं तर फिट येऊ शकते. उतरवायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सुरुवातीला दर २ ते ४ आठवड्यांनी चालू मात्रेच्या ५ ते १० टक्के. समजा, रोज १० मिलिग्रॅम डायझेपाम चालू आहे. दर दोन आठवड्यांनी १ मिलिग्रॅम कमी केलं, तर पाचवर यायला दहा आठवडे लागतात. पुढे अर्धा-अर्धा मिलिग्रॅम कमी करायचा म्हटलं तर आणखी वीस. शेवटी १ वरून अर्ध्यावर येणं म्हणजे एका फटक्यात निम्मी कपात, म्हणून शेवटचा टप्पाच सगळ्यात जड जातो. तिथे द्रवरूप औषध मिळालं तर कपात आणखी बारीक करता येते. एखाद्या पायरीवर त्रास वाढला तर तिथेच थांबावं. आणि हळूहळू विरघळणारी दीर्घकालीन गोळी कधीच तोडू नये, सगळं औषध एकदम बाहेर पडतं.

चिंतेचा मूळ उपचार वेगळाच असतो: एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालीनसारखी औषधं आणि मानसोपचार. या गोळ्यांचा गुण दिसायला २ ते ६ आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात बेचैनी उलट वाढू शकते. म्हणूनच एस्सिटॅलोप्राम अनेकदा १० ऐवजी ५ मिलिग्रॅमने सुरू करतात. हे आधी सांगितलं नाही, तर बरेच जण चौथ्या दिवशीच गोळी सोडतात.

जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नव्हेच. आठ तास अंथरुणात आणि झोप साडेपाच तास, असं असेल तर अंथरुणातला वेळच साडेपाच तासांवर आणतात (पाचाच्या खाली नाही). उठण्याची वेळ रोज एकच. त्या वेळातला ८५ टक्क्यांहून जास्त भाग झोपेत जाऊ लागला की दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवतात. झोप लागत नसेल तर पडून न राहता उठून दुसऱ्या खोलीत बसायचं आणि पेंग आल्यावरच परतायचं. पहिले काही दिवस दिवसा डोळे मिटतात, तेव्हा गाडी चालवू नये. फिट येणाऱ्यांनी किंवा उन्माद-नैराश्याचा आजार असलेल्यांनी हा प्रयोग स्वतःहून करू नये, कारण झोप तुटली की त्यांचा आजार उसळतो.