कॉपीराइटची ओळ आणि लायसन्स: एक आहे म्हणून दुसरं आलं असं नाही

ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांत बऱ्याच जणांचा समज असतो की कोड उघड्यावर आहे, फाइलच्या डोक्यावर कॉपीराइटची, म्हणजे वर्ष आणि मालकाचं नाव सांगणारी, ओळ आहे, म्हणजे तो बिनधास्त वापरावा. पण त्या ओळीने परवानगी मिळत नाही. ठाण्यात किंवा वाशीत भाड्याने राहिलेल्यांना हे लगेच कळेल: फ्लॅट कुणाचा ते इंडेक्स टू सांगतो, राहायला मिळतं ते लिव्ह अँड लायसन्समुळे.

कॉपीराइटची ओळ मालकाचं नाव सांगते, बस. ती नसली तरी मालकी जात नाही. आपल्या १९५७च्या कायद्यात प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि हक्कासाठी नोंदणी लागत नाही. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची मालकी, वेगळा करार नसेल तर, कंपनीकडे जाते. त्यामुळे गिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, इतिहासातलं नाव उचलून मालक म्हणून चिकटवणं धोक्याचं.

लायसन्स, म्हणजे वापराच्या परवानगीचा मजकूर, गायब असेल तर दुखणं मोठं. मग नक्कल, बदल, वाटप यांतलं काहीच करायची मुभा नाही. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर सार्वजनिक ठेवलेला कोड इतरांना पाहता येतो, तिथल्या तिथे फोर्क करता येतो, म्हणजे आपल्या खात्यात त्याची प्रत घेता येते. पण तो पॅकेजमध्ये, म्हणजे इन्स्टॉल करण्याजोग्या गठ्ठ्यात, घालून वाटायला तेवढं पुरत नाही.

गोंधळात भर म्हणजे डेबियन या लिनक्स सिस्टीमच्या पॅकेजमधल्या फाइलचं नावच ‘कॉपीराइट’, आणि तिच्यात मालक व लायसन्स दोन्ही लिहावे लागतात! नवं पॅकेज आलं की डेबियनची तपासणी करणारी टीम ती फाइल कोडशी ताडून पाहते. बहुतेकदा घोळ मुख्य कोडमध्ये नसतोच. आतल्या एखाद्या फोल्डरमध्ये कुणाचं तरी जावास्क्रिप्ट नाहीतर फॉन्ट पडलेला असतो, त्याचा मालक वेगळा, अटी वेगळ्या.

आणि एमआयटी या मोकळ्या, बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या लायसन्सपाशी भाड्याच्या घराची उपमा तोकडी पडते. कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीत ठेवा, हीच त्याची मुख्य अट. म्हणजे नाव खोडलंत की अट मोडली. रीडमीत, म्हणजे प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीत, नुसतं ‘एमआयटी’ लिहून मोकळे होणारे लेखक हेतू सांगतात, पण पुढच्याने जपायची ओळच देत नाहीत. ती आपण अंदाजाने लिहू नये. मूळ प्रकल्पात इश्यू, म्हणजे विनंतीची नोंद, उघडावा, नावासकट पूर्ण लायसन्स फाइल मागावी, जमल्यास प्रत्येक फाइलवर एसपीडीएक्सची, म्हणजे लायसन्सचं ठरलेलं लघुनाव सांगणारी, ओळही. उत्तर आलं नाही तर दुसरं पॅकेज शोधावं.